महासाथीच्या काळात लस घेण्याची लोकांची तयारी : एक पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्यापुढील दहा मोठ्या धोक्यांची यादी जाहीर केली, तेव्हा लस उपलब्ध असूनही ती घेण्यास टाळाटाळ करण्याची किंवा नकार देण्याची वृत्ती त्या यादीत होती. कोविडची साथ त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. त्यामुळे पुढे २०२० मध्ये जी साशंकता दिसली, ती केवळ समाजमाध्यमांमुळे जन्माला आली असे म्हणणे चुकीचे ठरेल. तिचा इतिहास लसीइतकाच जुना आहे आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : रोगाची भीती किती जवळची आहे आणि लस देणाऱ्यावर विश्वास किती आहे, यांवर लोकांची तयारी वाढते किंवा घटते.

एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये देवीच्या लसीचा प्रयोग केल्यानंतर काही दशकांतच सरकारांनी ती सक्तीची करण्यास सुरुवात केली. इंग्लंडमध्ये १८५३ च्या कायद्याने अर्भकांना लस टोचणे बंधनकारक झाले आणि पुढील कायद्यांनी दंडाची तरतूद अधिक कडक केली. दंड न भरणाऱ्यांच्या घरातील वस्तू जप्त होऊ लागल्या आणि त्याचा भार अर्थातच गरीब कामगारांवर पडला. लेस्टर शहरात १८८५ साली हजारो लोकांनी काढलेला मोर्चा लसीइतकाच या जबरदस्तीच्या विरोधातही होता. अखेर १८९८ मध्ये सद्सद्विवेकबुद्धीच्या आधारे नकार देण्याची मुभा पालकांना कायद्यानेच द्यावी लागली. ब्राझीलमधील रिओ दी जानेरो येथे १९०४ मध्ये याहून तीव्र प्रकार घडला. तेथील सार्वजनिक आरोग्य खात्याचे प्रमुख ओस्वाल्दो क्रूझ यांच्या पुढाकाराने आलेल्या सक्तीच्या कायद्यानंतर शहरात दंगली उसळल्या, माणसे मारली गेली आणि सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली. चार वर्षांनी देवीची भीषण साथ आली, तेव्हा त्याच शहरातील लोक स्वतःहून लस घेण्यास पुढे आले.

प्लेगच्या महासाथीचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग पसरल्यावर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी तेथेच लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परंतु त्याच काळात प्रशासन घरोघर झडत्या घेत होते, रुग्णांना कुटुंबापासून बळाने वेगळे करत होते. ज्या सरकारी हातांची लोकांना दहशत बसली होती, त्याच हातांनी दिलेली लस निःशंकपणे स्वीकारली जावी ही अपेक्षाच अवास्तव होती. पंजाबातील मल्कोवाल येथे १९०२ मध्ये एकाच बाटलीतील लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. दोष लस बनवण्याच्या पद्धतीत नसून बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीपणात असावा, हे मान्य होऊन त्यांची निर्दोष मुक्तता होण्यास १९०७ साल उजाडले. चौकशीला लागलेला इतका विलंब हे माझ्या मते त्या दुर्घटनेइतकेच मोठे नुकसान होते.

याच्या उलट, अमेरिकेतील दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जोनास सॉल्क यांची पोलिओची लस एप्रिल १९५५ मध्ये सुरक्षित व परिणामकारक ठरली, आणि काही आठवड्यांतच कटर कंपनीच्या लसीत जिवंत विषाणू राहून गेल्याचे उघड झाले. दीडशेहून अधिक व्यक्तींना पक्षाघात झाला, १० जण मरण पावले. तरीही कार्यक्रम थोड्या काळासाठी थांबवून, कारण शोधून, तपासणीचे नियम कडक करून पुन्हा सुरू झाला, आणि पालक मुलांना घेऊन परत आले, कारण दर उन्हाळ्यात लुळी पडणारी मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १९७६ मध्ये फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर स्वाइन फ्लूने एका सैनिकाचा मृत्यू झाला आणि संभाव्य महासाथीच्या धास्तीने देशव्यापी मोहीम आखण्यात आली. चार कोटींहून अधिक लोकांनी लस घेतली. पण साथ आलीच नाही. लस घेतलेल्यांपैकी काहींमध्ये मात्र गियाँ-बारे हा मज्जातंतूंचा विकार आढळू लागला, आणि डिसेंबरमध्ये मोहीम बंद पडली. समोर रोग नसताना अगदी दुर्मीळ धोकाही लोकांना पेलवत नाही.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या महासाथीत फ्रान्सने सुरुवातीला ९ कोटी ४० लाख डोस मागवले, मात्र जेमतेम दहा टक्क्यांहून कमी नागरिकांनी लस घेतली. आजार अपेक्षेपेक्षा सौम्य निघाला हे एक कारण होते. दुसरे कारण सरकारी नियोजनातच होते : लसीकरणासाठी स्वतंत्र केंद्रे उभारून, ज्यांच्या सल्ल्यावर लोक विसंबून असतात त्या कुटुंबाच्या डॉक्टरांना सुरुवातीला बाजूला ठेवण्यात आले. या अनुभवानंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २०१४ मध्ये अनिच्छेमागील तीन घटक मांडले : लसीवरील व ती देणाऱ्या यंत्रणेवरील विश्वास, रोगाबद्दलची बेफिकिरी आणि लस मिळण्यातील सोय.

कोविडच्या वेळी लस तयार होण्याआधीच, जून २०२० मध्ये, १९ देशांत झालेल्या पाहणीत सुमारे ७२ टक्के लोकांनी ती घेण्याची तयारी दाखवली. रशियात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास, तर चीनमध्ये ९० टक्क्यांच्या जवळ होते, आणि सरकारवर विश्वास असलेल्यांमध्ये तयारी अधिक दिसली. मात्र अशा आकड्यांकडे कायमचा कौल म्हणून पाहू नये. अमेरिकेत कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या पाहणीत ‘थोडे थांबून पाहू’ म्हणणारे डिसेंबर २०२० मध्ये ३९ टक्के होते. ओळखीतल्या माणसांनी लस घेतलेली दिसू लागली, तसे मार्च २०२१ पर्यंत ते १७ टक्क्यांवर आले. ठाम नकार देणाऱ्यांचे प्रमाण या काळात १५ वरून १३ टक्क्यांवर, म्हणजे जवळपास होते तिथेच राहिले. हे दोन गट वेगळे आहेत, आणि थांबून पाहणाऱ्यांना विरोधक समजून हिणवल्यास त्यांच्या रास्त प्रश्नांची उत्तरे देण्याची संधीच हातची जाते.