रात्री साडेदहाची गिटार

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीची एक भिंत शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून आहे, साडेचार इंची विटांची, पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडे कळतं. ऑफिस, लोकल, जेवण सगळं उरकून इलेक्ट्रिक गिटार हातात येते तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, त्यामुळे ॲम्पचा (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरवाला डबा) व्हॉल्यूम जेमतेम एकवर, आणि त्या एकवर जो काही आवाज निघतो तो म्हणजे रिकाम्या पावडरच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा. शेजारी गावाला गेले की तोच ॲम्प, तेच सेटिंग, फक्त व्हॉल्यूम पाचवर, आणि पहिलीच पॉवर कॉर्ड (दोन-तीन जाड तारा एकदम छेडून निघणारा भारदस्त आवाज) थेट छातीत. बरीच वर्षं मला वाटायचं माझा ॲम्पच फालतू आहे. मग पैसे साठवून दुसरा घेतला, तो पण रात्री फालतूच निघाला.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की लोचा ॲम्पमध्ये कमी आणि माझ्या कानात जास्त आहे.

१९३३ साली अमेरिकेत बेल लॅब या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोघांनी लोकांना हेडफोन लावून वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे (म्हणजे सेकंदाला किती कंपनं, ती हर्ट्झमध्ये मोजतात) सूर ऐकवले, आणि प्रत्येक सूर १००० हर्ट्झच्या सुराइतकाच मोठा वाटायला किती ताकदीने वाजवावा लागतो ते मोजलं. त्यातून कळलं की कान हा काही सरळमार्गी माइक नाही. तीन-चार हजार हर्ट्झला तो एकदम तल्लख, बाळाचं रडणं नि कुकरची शिट्टी बरोबर पकडतो, पण आवाज हळू झाला की खर्जाकडे चक्क काणाडोळा करतो. हळू आवाजात १०० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या बरोबरीने ऐकू यायला २० डेसिबलहून (डेसिबल म्हणजे आवाजाचा जोर मोजायचं माप) जास्त जोर लागतो, आवाज वाढवत नेला की हा फरक कमी कमी होत जातो. आता गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. म्हणजे रात्री ती तार वाजतेय, स्पीकरही हलतोय, पण कान ते पुढे पोचवतच नाही, उरतो फक्त मधला किरकिरा भाग. तीच ती डब्यातली माशी.

जुन्या म्युझिक सिस्टिमवर लाउडनेस नावाचं एक बटण असायचं आठवतंय का? ते याच्यासाठीच होतं, हळू ऐकताना बेस (आणि थोडा ट्रेबल) वर उचलायला. आमच्याकडे बाबा ते बारा महिने दाबून ठेवायचे. गिटारवाल्याने पण हेच करायचं, रात्रीसाठी वेगळं सेटिंग ठेवायचं, बेस दोन घरं वर, मिड (मधले सूर) जरासा खाली. फक्त हे सेटिंग तसंच घेऊन रिहर्सलला जाऊ नका. मी गेलो होतो, मोठ्या आवाजात तो सगळा बेस चिखल होऊन बाहेर आला आणि आमचा ड्रमर वाजवायचं थांबून माझ्याकडे नुसता बघत बसला.

दुसरा गोंधळ वॅटचा. दुकानात हमखास सांगतात की घरासाठीच पाहिजे ना, मग पाच वॅटचा घ्या, पन्नासचा कशाला. आता पन्नासवरून पाचवर आलात तर आवाज १० डेसिबलने उतरतो आणि कानाला तो साधारण निम्माच झालेला वाटतो, दहापट वगैरे कमी नाही. बारा इंची गिटार स्पीकरला फक्त एक वॅट दिला तरी एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा आहे ४५ डेसिबलची. आपण गप्पा मारतो त्या पातळीला, म्हणजे ६० डेसिबलला यायचं तर त्या स्पीकरला एका वॅटचा दहा हजारावा भाग पुरतो! तेव्हा 'घरगुती' ॲम्प म्हणून एक वॅटचा आणला तरी खालच्या मजल्यावरचे काका वर येणारच.

ट्यूबवाल्या, म्हणजे काचेच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ॲम्पचं दुखणं आणखी वेगळं. त्यांचा तो भरलेला, किंचित फाटलेला आवाज बऱ्याचदा पॉवर ट्यूब पार दमवल्यावरच येतो, आणि दमवायच्या म्हणजे आवाज मोठा आलाच. यावर टॉम शोल्झने मस्त उपाय काढला होता. बोस्टन या रॉक बँडचा हा गिटारिस्ट एमआयटीत शिकलेला मेकॅनिकल इंजिनियर, पोलरॉइडमध्ये नोकरी करायचा आणि घराच्या तळघरात रेकॉर्डिंग. त्याने पॉवर सोक नावाचा डबा बनवला, तो ॲम्प आणि स्पीकरच्या मधे लावायचा, ॲम्प आपला फुल जोरात पळतो आणि बरीचशी वीज डब्यात उष्णता होऊन जाते. पुढे १९८२ ला त्यानेच रॉकमन काढला, कमरेला अडकवायचा हेडफोन ॲम्प. म्हणजे शेजाऱ्यांचा प्रश्न काय फक्त डोंबिवलीचाच नाही.

पण हेडफोनमध्ये एक मोठी गोची आहे. डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारा, पायाने दाबायचा डबा) थेट हेडफोनला जोडून बघा, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखं वाटेल. कारण डिस्टॉर्शन म्हणजे लाटेची टोकं छाटणं, आणि टोकं छाटली की सुराच्या पटीतल्या वरच्या फ्रिक्वेन्सीचा ढीग तयार होतो. गिटार स्पीकरचा मोठा कागदी शंकू पाच हजार हर्ट्झच्या वर नीट हलूच शकत नाही, त्यामुळे तो हा कचरा आपोआप गाळतो, चहाच्या गाळणीसारखा. हेडफोन बिचारा इमानदार, सगळं ऐकवतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ही गाळणी परत बसवावी लागते, तिला आयआर म्हणतात, इम्पल्स रिस्पॉन्स. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली की जो घुमारा उठतो तो त्या गाभाऱ्याचा अंगठाच समजा. तसाच स्पीकरचा अंगठा एकदा रेकॉर्ड करून ठेवायचा आणि मग कॉम्प्युटर तुमच्या गिटारच्या आवाजावर तो सेकंदाला हजारो वेळा उठवत राहतो. सॉफ्टवेअरला पैसे पण लागत नाहीत, न्यूरल ॲम्प मॉडेलर फुकट आणि ओपन सोर्स आहे, खऱ्या ॲम्पमध्ये काय गेलं आणि काय बाहेर आलं यावरून त्या ॲम्पची नक्कल शिकतं. माझं स्पष्ट मत, तीन महागडी पेडल घेण्याआधी एक चांगला आयआर शोधा.

गिटारची पिन लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसू नका मात्र. गिटारवर तारांची थरथर पकडणारा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे, त्यातून येणारा सिग्नल एकदम नाजूक असतो. सोसायटीत पाण्याचं प्रेशर कमी असताना खालच्या मजल्यावर दोन नळ सोडले की आपल्याकडे धार बारीक होते ना, तसं माइकचं सॉकेट सगळा सिग्नल ओढून घेतं आणि वरचा चकाकता भाग आधी जातो. ऑडिओ इंटरफेसवर (गिटार कॉम्प्युटरला जोडायचा डबा) इन्स्ट्रुमेंट इनपुट असतं, साधारण एक मेगाओहमचं, ते फार ओढत नाही.

आणि ब्लूटूथ हेडफोन विसरा. हवेत आवाज एका मीटरला जवळजवळ तीन मिलिसेकंद घेतो, स्टेजवर तीन मीटर मागे ॲम्प असला तर नऊ, तेवढं हाताला कळत नाही. साध्या ब्लूटूथला मात्र सहज दीडशे लागतात, म्हणजे ॲम्प पन्नास मीटर लांब, लोकलचे जवळपास अडीच डबे! तार आत्ता छेडायची आणि आवाज पुढच्या लेडीज डब्यातून यायचा. वायरवाला हेडफोन घ्या, मागून उघडा असलेला मिळाला तर उत्तम, आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही.

एवढं सगळं जमवून एकदा रात्री अकराला मी हेडफोन लावून सुखाने वाजवत होतो, खोलीत तारांची टिकटिक सोडली तर चिडीचूप, आणि बेल वाजली. खालचे काका. म्हटलं काका आज तर ॲम्प बंद आहे. ते म्हणाले, "ॲम्पचं नाही रे, वरून कोणीतरी तासभर खिळे ठोकतंय." माझा उजवा पाय, तालावर, थेट टाइल्सवर. हवेतला आवाज भिंत बऱ्यापैकी अडवते, पण स्लॅबला दिलेला धक्का स्लॅबमधूनच खाली जातो आणि खालच्या घराचं अख्खं छत स्पीकरसारखं वाजतं. म्हणूनच ॲम्पही जमिनीवर ठेवत नाहीत, मी तो जाड फोमवर ठेवलाय. भिंतीला अंड्याचे ट्रे लावून मात्र यातलं काहीच थांबत नाही, त्याने खोलीतला घुमारा थोडा कमी होतो इतकंच, आवाज अडवायला वजनच लागतं.

सध्या पायाखाली आईची जुनी गोधडी चौघडी करून टाकतो, आणि वर मोजेही घालतो.