हा पायथन कुठल्या प्रोजेक्टचा?

माझं ईमॅक्स (कोड लिहायचा एडिटर) एकदा उघडलं की आठवडाभर बंद होत नाही. एका बफरमध्ये (ईमॅक्समधली उघडलेल्या फाइलची जागा) पायथन २.७ वरची जुनी साइट, शेजारी पायथन ३ चं नवं काम. जुन्या फाइलवर टेस्ट चालवली आणि ‘मिसिंग पॅरेन्थेसिस इन कॉल टू प्रिंट’ असं आलं (जुनी ‘प्रिंट’ लिहायची रीत पायथन ३ ला चालत नाही), की समजायचं, दुसऱ्याच प्रोजेक्टचा पायथन लागलाय.

याचं मूळ १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत आहे. तिथे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्स (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी सेटिंग) आली, ती प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) जन्मतानाच पालकाकडून प्रत म्हणून मिळतात. पुढे पालकाने काहीही बदललं तरी पोराला पत्ता नसतो. म्हणून टर्मिनलमध्ये एन्व्ह (एका प्रोजेक्टचा वेगळा पायथन आणि लायब्ररी) कितीही ॲक्टिव्हेट करा, आधीच उघडलेल्या एडिटरला त्याचं काही नाही.

२००७ मध्ये इयन बिकिंगने अशी एन्व्ह बनवणारं व्हर्च्युअलएन्व्ह आणलं. त्याची ॲक्टिव्हेट स्क्रिप्ट मुख्यतः एवढंच करते: एन्व्हचं बिन फोल्डर पाथच्या (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला चिकटवते. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने व्हेन्व्ह सोबतच द्यायला सुरुवात केली, पण ॲक्टिव्हेट करायचं लक्षात ठेवणं आपल्याकडेच राहिलं. रुबी भाषेवाल्यांना याचा कंटाळा लवकर आला. रुबीच्या आवृत्त्या बदलणाऱ्या आरव्हीएमने थेट ‘सीडी’ ही फोल्डर बदलायची कमांडच बदलली, हे अनेकांना खटकलं. सॅम स्टीफन्सनच्या आरबीएन्व्हने २०११ मध्ये नकली ‘रुबी’ पुढे ठेवली: ती फोल्डरमधली आवृत्तीची फाइल बघते, नसेल तर वरच्या फोल्डरात शोधते. पायथनचं पायएन्व्ह त्याचाच फाटा. डिरेन्व्हने भाषेचं बंधनच काढलं. प्रत्येक प्रॉम्प्टच्या (टर्मिनल पुढची कमांड मागतं त्या ओळीच्या) आधी ते ‘डॉट एन्व्हआरसी’ ही सेटिंगची फाइल शोधतं, फोल्डर सोडला की सगळं पूर्ववत करतं. फाइल नवी किंवा बदललेली असेल तर ‘डिरेन्व्ह अलाउ’ म्हटल्याशिवाय ती चालवत नाही. कुणाचंही रेपो (कोडचा साठा) क्लोन करणाऱ्याला हे हवंच.

पण एडिटरला प्रॉम्प्ट नसतो.

ईमॅक्स २३ ने २००९ मध्ये फोल्डरनिहाय सेटिंगची सोय केली. तिच्या आधारे पायव्हेन्व्ह प्रोजेक्टप्रमाणे एन्व्ह बदलू लागलं, डिरेन्व्हसाठीही पॅकेज आलं. दोन्हींचा बदल मात्र अख्ख्या ईमॅक्सला लागू व्हायचा. मी ‘ब’ प्रोजेक्टमध्ये असताना ‘अ’ चा लँग्वेज सर्व्हर (एडिटरला कोड समजावणारा प्रोग्राम) कोसळून पुन्हा उठला, तर त्याला ‘ब’ चं एन्व्ह मिळणार! स्टीव्ह पर्सेलच्या एन्व्हआरसी पॅकेजने प्रोसेस-एन्व्हायरन्मेंट आणि एक्झेक-पाथ (प्रोग्राम शोधायची ईमॅक्सची यादी) ही दोन व्हेरिएबल्स प्रत्येक बफरची स्वतःची केली. मला यातलं हेच पटलं.

फक्त त्याचा ग्लोबल मोड (सगळ्या बफरना लागू होणारा) इनिट फाइलमध्ये (ईमॅक्स सुरू होताना वाचतं ती) शेवटी चालू करायचा. उलटं वाटतं, पण प्रत्येक मोड हुकमध्ये (ठरावीक वेळी चालवायच्या कामांच्या यादीत) स्वतःला पुढे घुसवतो, त्यामुळे शेवटी आलेला आधी चालतो. आणि एखादं पॅकेज तात्पुरत्या बफरमधून कमांड चालवत असेल, तर तिथे पुन्हा ग्लोबल एन्व्हच येतं. त्यासाठी पर्सेललाच इनहेरिटएन्व्ह नावाचं वेगळं पॅकेज लिहावं लागलं.