अध्यासन भाषेचं, पैसा कोणाचा?

सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या नियामक मंडळानं २८ अभ्यासक्रम आणि प्राध्यापकांची १४३ पदं रद्द केली. त्या तडाख्यात जागतिक भाषांचा विभाग जवळजवळ संपला. मूळ प्रस्ताव तर तो अख्खाच बंद करण्याचा होता. ओरड झाल्यावर स्पॅनिश आणि चिनीचे काही वर्ग तेवढे वाचले. विद्यापीठाची तूट सुमारे साडेचार कोटी डॉलरची, आणि भाषांकडे विद्यार्थी फिरकत नाहीत, असा हिशेब मांडण्यात आला. त्यावर अनेकांनी हळहळ व्यक्त केली, की विद्यापीठं आता ज्ञानापेक्षा पैशाचा विचार करू लागली.

‘आता’ या शब्दाशी मात्र थोडं थांबायला हवं. परक्या भाषा आणि संस्कृती विद्यापीठात शिरल्या त्या कोणाच्या तरी थैलीचं बोट धरून, आणि थैलीवाल्याला प्रत्येक वेळी काहीतरी हवं होतं. कधी धर्मांतर, कधी व्यापार, कधी राज्यकारभार, कधी युद्ध. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ असं आपल्याकडे म्हणतात. या अभ्यासकांनी पोळी खाल्ली खरी, टाळी मात्र पुष्कळदा आपल्याच तालात वाजवली. या विषयाचा इतिहास मला रंजक वाटतो तो त्यामुळेच.

सुरुवात चर्चपासून. १३११-१२ साली फ्रान्समधल्या व्हिएन गावी भरलेल्या धर्मपरिषदेनं ठराव केला, की पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या आणि सालामांका या विद्यापीठांत आणि पोपच्या दरबारी हिब्रू, अरबी आणि खाल्डियन (म्हणजे अरामी) शिकवण्यासाठी प्रत्येक भाषेचे दोन-दोन शिक्षक नेमावेत. यामागे रामोन ल्युल या मायोर्काच्या तत्त्वज्ञाचा आयुष्यभराचा ध्यास होता. मुसलमानांना ख्रिस्ती करायचं तर त्यांच्या भाषेत वाद घालता आला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. १२७६ साली त्यानं मिरामार इथे १३ फ्रान्सिस्कन साधूंना अरबी शिकवणारा मठही काढून पाहिला होता. परिषदेच्या ठरावात शिक्षकांचा पगार कोणी द्यायचा तेही लिहिलेलं होतं. तरी प्रत्यक्षात फारसं काही घडलं नाही. ठराव आणि अंमलबजावणी यांच्यातलं अंतर तेव्हाही तेवढंच होतं.

शंभरेक वर्षांनी युरोपबाहेर हे काम जास्त शिस्तीत सुरू झालं. मिंग राजवटीनं १४०७ साली भाषांतरकारांची एक संस्था उभी केली. तिच्या आठ शाखांत मंगोल, जुर्चेन, तिबेटी, उइगुर, फारसी, बर्मी अशा भाषा होत्या, आणि एक शाखा भारतीय लिपीतल्या कागदपत्रांसाठीही होती. हेतू अगदी रोखठोक: मांडलिक राज्यांची पत्रं वाचायची आणि उत्तरं लिहायची. संस्कृतीबद्दलचं कुतूहल वगैरे भानगड नाही.

युरोपात पुढची दोनशे वर्षं भर राहिला बायबलच्या मूळ भाषांवर. १५१७ साली लूव्हेनला लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या तीन भाषांचं महाविद्यालय निघालं, १५३०मध्ये पॅरिसला राजानं ग्रीक-हिब्रूचे व्याख्याते नेमले. अरबीला चांगले दिवस आले ते १६१३मध्ये, लायडन विद्यापीठात थॉमस एर्पेनियस अरबीचा प्राध्यापक झाला तेव्हा. त्याच वर्षी आलेलं त्याचं अरबी व्याकरण युरोपात जवळपास दोन शतकं चाललं. केंब्रिजचं अरबी अध्यासन १६३२चं. त्याला पैसा दिला लंडनच्या थॉमस ॲडम्स या कापड-व्यापाऱ्यानं. विद्यापीठानं त्याला लिहिलेल्या पत्रात विद्येची भर, पूर्वेकडच्या देशांशी चालणारा व्यापार आणि यथाकाल चर्चच्या सीमांचा विस्तार असे तिन्ही हेतू एका दमात येतात. देणगीदाराला खूश ठेवणारी पत्रं लिहिण्याची कला विद्यापीठांना चांगलीच जुनी आहे.

बोलता येणारे दुभाषे मात्र विद्यापीठांतून निघत नव्हते. त्यासाठी व्हेनिसनं १५५१पासून पोरांना थेट इस्तंबूलला पाठवलं, फ्रान्सनं १६६९मध्ये तोच कित्ता गिरवला, व्हिएन्नाला १७५४मध्ये आणि पॅरिसला १७९५मध्ये पौर्वात्य भाषांच्या स्वतंत्र शाळा निघाल्या. कलकत्त्याचं फोर्ट विल्यम कॉलेजही (१८००) याच जातीचं, कंपनीच्या नव्या साहेबांना देशी भाषा शिकवणारं. तिथे बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत होता विल्यम कॅरी, तरुणपणी जोडे शिवून पोट भरणारा मिशनरी. त्याचं मराठी व्याकरण १८०५चं, मराठी-इंग्रजी कोश १८१०चा आणि तोही मोडी टंकात छापलेला. त्याच्या मागे वैजनाथ पंडित होते. साहेबाच्या नावाच्या कोशामागे पंडित किंवा मुनशी असणं ही तेव्हाची रीतच. विद्यापीठांच्या इतिहासात ही माणसं तळटीपेतही क्वचित सापडतात.

त्याच काळात थैलीचं गणित थोडं बिघडवणारी एक गोष्ट घडली. १७८६ साली कलकत्त्यातच विल्यम जोन्सनं संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात योगायोगानं येणार नाही इतकं साम्य आहे असं जाहीर भाषणात सांगितलं. त्याचं सोनं केलं जर्मनांनी, ज्यांची हिंदुस्थानात वीतभर जमीन नव्हती. फ्रान्झ बॉपचं क्रियापदांच्या तुलनेवरचं पुस्तक १८१६ साली आलं. १८१८मध्ये बॉन इथे संस्कृतचं अध्यासन श्लेगलला मिळालं, १८२१मध्ये बॉप बर्लिनला गेला. ते विद्यापीठ उभारणारा विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट स्वतः बास्क आणि जावाची जुनी कवी भाषा अभ्यासत होता. प्रशिया या जर्मन राज्याला धर्मांतरं करायची नव्हती की जिल्हाधिकारी घडवायचे नव्हते. आपल्या भाषेची, आपल्या लोकांची मुळं किती खोल जातात हे त्याला जाणून घ्यायचं होतं. या हौसेनं एक नवं शास्त्र जन्माला घातलं. वंशाच्या विषारी कल्पनांनाही पुढे याच शास्त्राच्या परिभाषेनं शब्द पुरवले, हेही विसरून चालणार नाही.

ऑक्सफर्डला मात्र जुनाच मामला. कंपनीच्या मुंबई फौजेत नोकरी केलेल्या कर्नल जोसेफ बोडेननं मृत्युपत्रात विद्यापीठाला पैसा ठेवला: संस्कृतचं अध्यासन काढा, म्हणजे माझ्या देशबांधवांना हिंदुस्थानातल्या लोकांना ख्रिस्ती धर्मात आणणं सोपं जाईल. पहिला प्राध्यापक १८३२ साली नेमला गेला. १८६०मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा एका बाजूला मॅक्स म्युलर, ऋग्वेदाचा संपादक, पण जर्मन आणि धर्मविचारात सैल. दुसऱ्या बाजूला मोनियर विल्यम्स, मुंबईत जन्मलेला, कंपनीच्या कॉलेजात शिकवलेला, आणि बोडेनच्या हेतूशी एकनिष्ठ. मत देणार विद्यापीठाचे एम. ए. झालेले सगळे, त्यात गावोगावचे पाद्री भरपूर. संस्कृतचं अक्षरही न ओळखणारे शेकडो मतदार संस्कृतचा प्राध्यापक निवडायला ऑक्सफर्डात जमले. निकाल: मोनियर विल्यम्स ८३३, म्युलर ६१०. विजयी उमेदवारानं पुढे १८७२ साली आपला संस्कृत कोश छापला आणि त्याच्या १८९९च्या सुधारित आवृत्तीच्या प्रस्तावनेत बोडेनचा धर्मप्रसाराचा हेतू बजावून नमूद केला. आज तो कोश उपनिषदं वाचणाऱ्यांच्या टेबलावर असतो, मोबाइलवरही असतो. कर्नलसाहेबांना हे दृश्य कितपत रुचलं असतं?

फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश यांसारख्या जिवंत युरोपीय भाषांना एवढाही मान नव्हता. त्या नाच आणि तलवारबाजीच्या रांगेत बसायच्या, वरची फी देऊन शिकायच्या. हार्वर्डमध्ये फ्रेंच-स्पॅनिशचं अध्यासन १८१९मध्ये सुरू झालं, तेही एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून. ग्रीक-लॅटिनच्या पंगतीत पाट मिळावा म्हणून या विभागांनी जुनी व्याकरणं आणि मध्ययुगीन हस्तलिखितं यांचा आधार घेतला. परिणाम असा, की पदवीधर बाराव्या शतकातलं फ्रेंच सोडवून दाखवायचा आणि समोर फ्रेंच माणूस आला की गप्प व्हायचा. १८८२ साली विल्हेल्म फिएटोर यानं भाषाशिक्षणाची दिशाच उलटी फिरवा असं सांगणारी पुस्तिका काढली. लेखकाच्या जागी टोपणनाव होतं ‘क्वोउस्क्वे तांदेम’, म्हणजे सिसेरोच्या प्रसिद्ध भाषणातलं ‘आणखी किती दिवस?’. लॅटिनच्या मास्तरांना लॅटिनमध्येच चिमटा.

‘संस्कृती’ हा शब्द भाषेच्या जोडीला आला तो बराचसा मानववंशशास्त्राकडून. कोलंबिया विद्यापीठातला फ्रान्झ बोआस विद्यार्थ्यांना सांगायचा, की लोकांची भाषा घेतल्याशिवाय त्यांचं जग समजत नाही. अमेरिकेतल्या मूलनिवासी भाषांवरचा त्यानं संपादित केलेला ग्रंथ १९११पासून निघू लागला. या भाषांना लिपी नव्हती, पाठ्यपुस्तक नव्हतं. बोलणारा माणूस समोर बसवून एकेक वाक्य टिपत जायचं, एवढीच पद्धत.

दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत लष्कराच्या कामी आली. जपानी, बर्मी, थाई येणारी माणसं अमेरिकेला तातडीनं हवी होती. १९४३ साली सैनिकांना विद्यापीठांत बसवून भाषा शिकवण्याची योजना सुरू झाली. एका वर्गात दोन शिक्षक: भाषाशास्त्रज्ञ आणि मूळ वक्ता. भाषाशास्त्रज्ञाला ती भाषा येत असेलच असं नाही. तो वाक्यांचा सांगाडा उलगडायचा. मूळ वक्ता फक्त बोलायचा, आणि लहानशा गटातले जवान त्याच्यामागून तेच वाक्य तोंडात बसेपर्यंत घोकायचे. सोबतीला त्या देशाचा भूगोल, समाज, राजकारण. भाषा आणि प्रदेश एकत्र शिकवण्याचा साचा इथे पक्का झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॉर्मन ब्राउन यांनी १९४८मध्ये दक्षिण आशियाचा विभाग काढला तो याच साच्यावर.

४ ऑक्टोबर १९५७ला रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेची झोपच उडाली. पुढच्याच वर्षी ‘नॅशनल डिफेन्स एज्युकेशन ॲक्ट’ झाला. अरबी, चिनी, हिंदी-उर्दू, जपानी, पोर्तुगीज आणि रशियन या सहा भाषा अग्रक्रमाच्या ठरल्या. कायद्याच्या नावातच ‘संरक्षण’ होतं, त्यामुळे पैसा घेणाऱ्या विद्यार्थ्याला राजद्रोही संघटनांशी आपला संबंध नाही असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. हार्वर्ड आणि येलसारख्या विद्यापीठांनी निषेध म्हणून या योजनेतून अंग काढून घेतलं. अखेर १९६२ साली ती अट गेली.

याच काळातली एक गोष्ट मला फार आवडते. पीएल ४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू भारतात यायचा आणि त्याची किंमत रुपयांत चुकती व्हायची. ते रुपये भारतातच पडून राहायचे, कारण बाहेर नेऊन त्यांचं करायचं काय? त्यातले काही पुस्तकांकडे वळवले गेले. १९६२पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयानं मराठीसह भारतीय भाषांतली पुस्तकं घाऊक खरेदी करून अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली. जुन्या तालिकांत ‘पीएल ४८०’ ही खूण अजून दिसते. गव्हाच्या पैशातून कादंबऱ्या गेल्या.

आणि या वातावरणातून बाहेर काय पडलं? पेनसिल्व्हेनियातच एलिनॉर झेलियट यांनी १९६९ साली डॉ. आंबेडकर आणि महार चळवळीवर पीएचडी पूर्ण केली. शीतयुद्धाच्या कुठल्याही फायलीत हा विषय अग्रक्रमाचा नव्हता. मराठी वाचता येणारी माणसं तयार झाल्यावर ती काय वाचतील यावर दात्याचा ताबा राहत नाही.

१९७०च्या दशकात हिशेब मागायला सुरुवात झाली. १८७३पासून भरणाऱ्या पौर्वात्यविद्येच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं शंभराव्या वर्षी ते नावच टाकून दिलं. १९७८मध्ये एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटलिझम’ या ग्रंथानं ‘पूर्व’ ही कल्पना सत्तेच्या कामी कशी आली ते दाखवलं. त्यांचा रोख अचूक होता, जरी जर्मन विद्वानांना त्यांनी थोडं सोयीनं बाजूला ठेवलं. ऑक्सफर्डच्या ‘ओरिएंटल स्टडीज’ची पाटी तर २०२२मध्ये उतरली.

‘परकीय भाषा’ ही पाटीही टिकणं कठीण होतं. अमेरिकेत लाखो घरांत स्पॅनिश बोलली जाते, तिला परकी कसं म्हणायचं? म्हणून ‘जागतिक भाषा आणि संस्कृती’. या सुंदर नावाखाली दुसरंही काम उरकलं गेलं. फ्रेंच, जर्मन, रशियनचे वेगवेगळे विभाग एका छताखाली कोंबले, प्रमुख एक, कारकून एक, आणि कात्री चालवायला सोपं. २०१३ ते २०१६ या काळात अमेरिकेत ६५१ भाषा-अभ्यासक्रम कमी झाले. इंग्रजीखेरीज इतर भाषा घेणारे विद्यार्थी २०१६ ते २०२१मध्ये १६.६ टक्क्यांनी घटले.

चिनीच्या बाबतीत तर दोन थैल्या समोरासमोर आल्या. चीनच्या कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट २००४पासून परदेशी विद्यापीठांत शिक्षक आणि पैसा पुरवत होत्या. २०१८मध्ये अमेरिकी कायद्यानं ठरवलं, की अशी संस्था ज्या विद्यापीठात आहे तिथल्या चिनीच्या अभ्यासक्रमाला संरक्षण खात्याचा निधी मिळणार नाही. विद्यापीठांनी भराभर कन्फ्यूशियसला निरोप दिला.

त्याच घसरणीच्या पाच वर्षांत कोरियन शिकणारे मात्र ३८.३ टक्क्यांनी वाढले. या मुलांना ना चर्चनं धाडलं होतं, ना लष्करानं. बरीचशी गाणी ऐकून आणि मालिका बघून वर्गात आली. त्यांना शिकवणारी काही अध्यासनं मात्र कोरिया फाउंडेशनच्या मदतीवर उभी आहेत, आणि ते फाउंडेशन कोरियन सरकारनं १९९१ साली काढलेलं आहे.