हिस्टरी रिकामी, लॉग भरलेला

ब्राउझरची हिस्टरी रिकामी दिसली की पोरगं गुणी, हा समज बेळगावातल्या घराघरांत पक्का बसलाय. पालकसभेत कुणीतरी हमखास सांगतं, "आम्ही रोज रात्री हिस्टरी चेक करतो." सातवीतल्या पोराला तेरांचा पाढा येत नसेल, पण इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी ब्राउझरची खिडकी) कुठून उघडतं ते झोपेतही सांगेल. त्या पोराचाही एक समज असतो, की इन्कॉग्निटो लावलं म्हणजे कुणालाच काही दिसत नाही. आईबापही चुकतात आणि पोरगंही चुकतं, कारण पान उघडण्याआधी काय घडतं याकडे दोघांचंही लक्ष नसतं.

इन्कॉग्निटो फार थोडं काम करतं. खिडकी बंद केली की ब्राउझर त्या बैठकीची हिस्टरी आणि कुकीज, म्हणजे साइटनं ठेवलेल्या बारीक नोंदी, टाकून देतो, बस्स. पण पान उघडायच्या आधी फोनला एक पत्ता विचारावा लागतो, आणि तो घराबाहेर जाऊन विचारावा लागतो. या विचारण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना तिचं नाव कुणी घेत नाही, म्हणून आज तिच्यावरच लिहितो.

गणपत गल्लीत नवखा माणूस शिरला की कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर विचारतो, "अमक्यांचं घर कुठं?" पानवाला पत्ता सांगतो आणि माणूस पुढे जातो. फोनही असाच साइटचं नाव घेऊन विचारतो आणि उत्तरात आकडे मिळवतो. इंटरनेटवर खरं चालतं ते आकड्यांवर. नावं आपल्या सोयीसाठी आहेत.

सुरुवातीला हे सगळं एका फायलीत मावत होतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट नावांची आणि पत्त्यांची यादी सांभाळायचा, आणि नवं यंत्र नोंदवायचं तर ऑफिसच्या वेळेत फोन करावा लागायचा. यंत्रं वाढली तशी यादी हाताबाहेर गेली. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी एका मोठ्या यादीऐवजी विचारणाऱ्याला पुढे पुढे पाठवणारी व्यवस्था मांडली. चाळीस वर्षांनंतरही इंटरनेट त्याच मांडणीवर चालतंय.

ही साखळी जरा नीट बघण्यासारखी आहे. फोन राऊटरला, म्हणजे घरातल्या वायफायच्या डब्याला, विचारतो आणि राऊटर तो प्रश्न 'रिझॉल्व्हर' नावाच्या सर्व्हरकडे ढकलतो. रिझॉल्व्हरला उत्तर माहीत नसेल तर तो मूळ सर्व्हरकडे जातो. या मूळ सर्व्हरांची नावं तेराच आहेत, इंग्रजी ए पासून एम पर्यंत. एकेका नावामागे मात्र जगभर पसरलेली अनेक यंत्रं आहेत. मूळ सर्व्हर फक्त '.कॉम'वाले कुठे बसतात तेवढं सांगतो. '.कॉम'वाला त्या साइटच्या स्वतःच्या सर्व्हरचं नाव सांगतो, आणि अखेर तो सर्व्हर आकडा देतो. एवढी भटकंती बहुधा सेकंदाच्या लहानशा अंशात उरकते. मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं हेही उत्तरासोबतच येतं. त्याला टीटीएल म्हणतात. राऊटरमध्ये बदल करूनही "ती साइट अजून उघडतेय" अशी तक्रार येते, ती बऱ्याचदा या जपून ठेवलेल्या उत्तरामुळे. राऊटर आणि फोन बंद करून पुन्हा चालू केले की ती मिटते.

आमच्याकडे पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून पिढ्या भांडल्या. डीएनएसनं ते भांडण विचित्र रीतीनं मिटवलंय. २०१४ पासून साइटच्या नावाच्या शेवटी देवनागरीत '.भारत' घेता येतं, पण सर्व्हरपर्यंत ते 'एक्सएन'नं सुरू होणारी रोमन अक्षरांची माळ होऊनच पोचतं. कन्नडचंही तेच.

आता मुद्द्याचं. पानवाल्यानं काही घरांबाबत "असं घर इथं नाहीच" म्हणायचं ठरवलं तर? घरगुती फिल्टर नेमकं हेच करतो. क्लाउडफ्लेअर कंपनीनं एप्रिल २०२० मध्ये १.१.१.३ या पत्त्यावर असा रिझॉल्व्हर सुरू केला. अश्लील किंवा व्हायरसवाल्या साइटचं नाव विचारलं तर तो ०.०.०.० असं उत्तर देतो. हा पत्ता कुठेच नेत नाही, म्हणून पान उघडत नाही. काही फिल्टर याहून चलाखी करतात. तुम्ही गूगल विचारलंत तर ते गूगलच्याच अशा सर्व्हरचा पत्ता देतात जिथे सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी सोय, कायम चालू असतं. पोराला सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येत नाही, कारण ते फोनमध्ये नसतंच.

हे करायला पैसे लागत नाहीत. बेळगावात फायबर बहुतेक ठिकाणी केबलवाल्याकडून येतं. त्याचा पोरगा डबा भिंतीला ठोकतो, लाल दिवा विझला की "झालं बघा" म्हणतो आणि निघून जातो. त्या डब्याच्या बुडाशी एक स्टिकर असतो. त्यावर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही 'ॲडमिन'च असतात. ब्राउझरमध्ये तो आकडा टाकून आत जायचं, डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ आणि दुसऱ्या रकान्यात १.०.०.३ लिहायचं, आणि आधी तो 'ॲडमिन' पासवर्ड बदलायचा. तो तसाच ठेवलात तर पोरगं स्टिकर वाचून तुमची मेहनत दोन मिनिटांत उलटवेल. रकाना सापडला नाही तर केबलवाल्याला विचारा. "नेटला काय केलासा, टीव्ही चालंना" असा फोन घरातूनच येईल, तोही सोसा.

माझ्याकडे एका जुन्या लॅपटॉपवर पाय-होल नावाचा फुकटचा प्रोग्राम चालतो. घरातलं प्रत्येक यंत्र कुठलं नाव कधी विचारतंय त्याची तो ओळ ओळ नोंद ठेवतो. इन्कॉग्निटोतली नावंही त्यात येतात. सगळे जेवायला बसलेत, टीव्ही बंद आहे, आणि तरी तो टीव्ही कंपनीच्या सर्व्हरचं नाव विचारतोय, हे ज्यानं पाहिलंय त्याला मुलांच्या आधी टीव्हीचीच काळजी वाटेल. मुलांना चोरून पाहण्यासाठी मात्र हा लॉग वापरू नये असं माझं मत आहे. लॉग असतो हे त्यांना सांगा, हवं तर सोबत बसून बघा.

पण या लॉगमध्ये फक्त नाव असतं. पान उघडल्यावरचा मजकूर टीएलएस नावाच्या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद होऊन जातो आणि राऊटरला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. यूट्यूबवर गणिताचा तास असो की भलतंच काही, नाव एकच. ऑनलाइन गेममधल्या चॅटवर अनोळखी माणूस "तुझा फोटो पाठव" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा नाव त्या गेमच्याच सर्व्हरचं असतं. फिल्टरच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं.

शिवाय पळवाटा आहेत. राऊटरकडे न विचारता ब्राउझरनं स्वतःच ठरवलेल्या रिझॉल्व्हरला कुलूपबंद प्रश्न विचारायची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली. तिला डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस म्हणतात. साधा डीएनएस ५३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या ठरावीक दारातून, उघडपणे जातो, हा मात्र बाकीच्या वेबसारखाच ४४३ वरून जातो, म्हणून गर्दीत वेगळा ओळखू येत नाही. फायरफॉक्सनं त्यावर तोड ठेवलीय. तो आधी एक ठरावीक नाव विचारून बघतो, आणि घरच्या रिझॉल्व्हरनं "असं नाव नाही" म्हटलं तर आपली पद्धत बाजूला ठेवतो. पण वापरणाऱ्यानं ती मुद्दाम चालू केली असेल तर ऐकत नाही. व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय, लावलं तर सगळेच प्रश्न त्या बोगद्यातून जातात. आणि हे काहीच नको असेल तर पोरगं वायफाय बंद करून मोबाईल डेटा लावतं. यावर अँड्रॉइड ९ पासून उपाय आहे. फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' म्हणून रकाना असतो. तिथे 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम' हे इंग्रजी अक्षरांत भरलं की वायफाय असो वा डेटा, फिल्टर सोबत येतो. शिनोळीपलीकडे जाऊन फोननं महाराष्ट्रातला टॉवर पकडला तरी फरक पडत नाही.

जाता जाता त्या रेडिएशनच्या स्टिकरबद्दल. राऊटरला आणि फोनला चिकटवायच्या 'अँटी-रेडिएशन चिप' प्रदर्शनांत आणि व्हॉट्सॲपवर विकल्या जातात, "मुलांचं रक्षण" असं लिहून. ती चिप खरोखर लहरी अडवत असती तर फोनची रेंजच गेली असती. रेंज शाबूत आहे म्हणजे पैसे पाण्यात. रात्री लहरींच्या भीतीनं राऊटर बंद करायचा आणि डेटा चालू असलेला फोन पोराच्या पांघरुणात राहू द्यायचा, हे तर मला कधीच समजलं नाही. 'एआय पालक' म्हणून विकल्या जाणाऱ्या ॲपचंही तपासून घ्या. त्यातली काही ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ती दिली की ॲपला मुलाच्या पडद्यावरचं जवळजवळ सगळं वाचता येतं, आणि वाचलेलं कुठल्या सर्व्हरवर जातं ते आपल्याला दिसत नाही.

फोटो पाठवला गेलाच आणि समोरचा धमकावू लागला तर राऊटरचा उपयोग संपला. तेव्हा पोरावर ओरडून फोन हिसकावला की पहिलं काय होतं, तर घाबरून चॅट डिलीट होतं आणि पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट घ्या, समोरच्या खात्याचं नाव टिपून ठेवा, पैसे देऊ नका. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, पैसे गेले असतील तर १९३०; सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग आहे. 'टेक इट डाउन' ही अमेरिकेतल्या एनसीएमईसी या मुलांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची मोफत सेवा अल्पवयीन मुलांच्या अशा फोटोंसाठीच आहे. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही. फोनवरच त्यातून एक 'हॅश', म्हणजे त्या फायलीची आकडी खूण, तयार होते आणि तेवढीच पाठवली जाते. सहभागी कंपन्या आपल्याकडच्या फोटोंशी ती जुळवून बघतात आणि जुळला तर काढून टाकतात. जी कंपनी सहभागी नाही तिथे आणि एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, चॅटमध्ये ती चालत नाही.