अमळनेर

अमळनेर : जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील तालुक्याचे ठिकाण. तापीची उपनदी बोरी हिच्या काठी आणि सुरत–भुसावळ लोहमार्गावर ते वसले आहे. बोलीभाषा अहिराणी. बोरीला पावसाळा सोडला तर पाणी बेताचेच. वरच्या अंगाला, पारोळा तालुक्यात तामसवाडीजवळ तिच्यावर धरण आहे. त्यामुळे इथले कारखाने नदीच्या जोरावर उभे राहिले असे म्हणता येत नाही. त्यांना जगवले ते काळ्या जमिनीतल्या कापसाने, भुईमुगाने आणि माल सुरत-मुंबईकडे नेणाऱ्या रेल्वेने.

वेचलेला कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई आणि सरकी वेगळी होते. रुईच्या गाठी दाबतात, सरकीचे तेल काढतात, आणि उरलेली ढेप पुन्हा शेतकऱ्याच्याच गोठ्यात येते. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या प्रताप मिलमुळे सूत आणि कापडही गावातच होऊ लागले. या मिलमालकाने १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढले, ही मात्र जरा नवलाचीच गोष्ट. कापसाच्या बाजारगावात वेदान्ताच्या अभ्यासकांची सोय करणारी संस्था दुसरीकडे सहसा सापडत नाही. येथील प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिक्षक होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले.

भुईमुगाची गोष्ट याहून दूर पोचली. महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी २९ डिसेंबर १९४५ रोजी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापून अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना घातला. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होते, हे त्यामागचे रसायन. तेल शुद्ध करताना निघणारा गाळ साबणाला चालतो, म्हणून तुपापाठोपाठ ‘७८७’ हा धुण्याचा साबणही आला. १९६६ मध्ये अझीम प्रेमजी यांच्याकडे सूत्रे आली. पुढे संगणक क्षेत्रात गाजलेली ‘विप्रो’ ती हीच. नावातली आद्याक्षरे जुन्या कंपनीचीच आहेत. गावातल्या अनेक घरांनी जुन्या काळी घेतलेले तिचे शेअर जपून ठेवले आणि त्यांची किंमत अफाट वाढली. ‘लखपतींचे गाव’ वगैरे बातम्यांत थोडी फोडणी असते, पण गोष्ट खरी आहे.

नदीचा खरा उपयोग वैशाखात दिसतो. संत सखाराम महाराजांची समाधी बोरीच्या पात्रात आहे. त्यांच्या यात्रेत एकादशीला रथ आणि पौर्णिमेला पालखी निघते. ऐन उन्हाळ्यात पात्र कोरडे असते, म्हणूनच दुकाने आणि पाळणे थेट वाळवंटात मांडता येतात. या यात्रेमुळे अमळनेरला प्रतिपंढरपूर म्हणतात.

शेतीला मात्र हा कोरडेपणा महाग पडतो. तापीवर पाडळसरे येथे निम्न तापी प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे रखडत आले असून त्यासाठी तालुक्यात वारंवार आंदोलने झाली आहेत.