धरणे: तुकोबांनी देवाच्या दारी लावलेला तगादा

अडचणीत पुण्याचा माणूस ‘आता विठ्ठलावर भार’ म्हणतो, तेव्हा त्यामागे देहूतलं एक बुडालेलं दुकान असतं. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाण्याचा व्यवसाय होता, सावकारीही होती. आईवडील आधीच गेले होते. त्यात 1630 चा दुष्काळ पडला. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणे जाळून तिथे गाढवाचा नांगर फिरवला. माणसं अन्नाविना मरत होती आणि वसूल होईल असं कुणाकडे काही उरलं नव्हतं. ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हे तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय.

त्याच आत्मपर अभंगात पुढचा क्रम आहे, आणि तो नीट वाचायला हवा. धंद्यात तूट आली, लोकांत लाज वाटू लागली. मग त्यांनी हाती घेतलं ते मोडकळीला आलेलं देवाचं देऊळ. त्यानंतर एकादशीचं कीर्तन, संतांची वचनं पाठ करणं आणि गाणाऱ्यामागे ध्रुपद धरणं. ध्रुपद धरायला स्वतःचे शब्द लागत नाहीत. पुढच्याने चरण म्हणायचा, मागच्यांनी टाळावर पालुपद उचलायचं. दुःखाने वाचा बसलेल्या माणसालाही एवढं जमतं. ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’ ही कबुली तर फार मोलाची आहे. मन लागेल तेव्हा नाम घेऊ म्हणणारे इथेच अडकतात. तुकोबांचं मनसुद्धा सुरुवातीला लागत नव्हतं. कवित्वाची स्फूर्ती आली ती या सगळ्यानंतर.

परंपरा सांगते, घरातल्या कर्जखतांचे त्यांनी दोन वाटे केले. एक भाऊ कान्होबाला दिला, आपला इंद्रायणीत सोडला. लोकांकडचा तगादा तिथे संपला.

पुढे विरोध झाला आणि अभंगांच्या वह्याही इंद्रायणीत गेल्या. त्यावर ते लिहितात, ‘बैसलों धरणें’. हा शब्द देवघेवीतला आहे. येणं थकलं की सावकार कुळाच्या दारात उपाशी बसे आणि निकाल लागेपर्यंत उठत नसे. दारात माणूस उपाशी असताना घरात पान वाढायचं कसं? माणसांवरचं येणं सोडून दिलेल्या तुकोबांनी हे हत्यार विठोबापुढे काढलं. परंपरेप्रमाणे तेरा दिवस. ज्या शिळेवर ते बसले ती देहूच्या शिळामंदिरात आहे. भार टाकणं म्हणजे हात जोडून गप्प राहणं असं मानणाऱ्यांनी ती शिळा जरूर पाहावी. तिथे बसलेला माणूस हक्काने मागत होता.

1685 मध्ये त्यांचे पुत्र नारायण महाराज यांनी पालखी सुरू केली. दर आषाढी वारीत ती पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते. तिथे कीर्तनाला उभं राहिलं की पाठ काही नसलं तरी चालतं. मागचे टाळकरी ध्रुपद उचलतात, त्यांच्यात आपला आवाज मिसळायचा.