हीथक्लिफला प्रेमाचा आदर्श कोणी केलं?

‘असल्या काळोख्या प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांना छळणारा पुरुषच आवडतो’ हे मी वर्षानुवर्षं ऐकतेय. पुरावा म्हणून हटकून एमिली ब्रॉन्टेच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या कादंबरीचा (१८४७) नायक हीथक्लिफ पुढे केला जातो. हा समज साफ चुकीचा आहे, आणि तो खोडायला ती कादंबरीच पुरेशी आहे.

हीथक्लिफवर भाळलेली शेजारची तरुणी इझाबेला त्याच्याबरोबर पळून जाते, त्याच रात्री तो तिच्या कुत्र्याला फास लावतो. पुढे तो स्वतःच घरची जुनी नोकर नेली हिला सांगतो, की इझाबेलाने मला प्रेमकथेचा नायक मानलं, तो तिचा भ्रम होता. लेखिकेने याहून स्पष्ट काय सांगायचं?

मग जीव अडकतो कशात? नववं प्रकरण बघा. हीथक्लिफबरोबर लहानाची मोठी झालेली, त्याचं जिच्यावर प्रेम आहे ती कॅथरिन नेलीला म्हणते, हीथक्लिफशी लग्न केलं तर माझी पत जाईल. आडोशाला बसलेला हीथक्लिफ एवढंच ऐकतो आणि उठून जातो. त्याच्यावर आपलं किती प्रेम आहे, तो म्हणजे मीच कसा, हे ती त्यानंतर बोलते. ते ऐकतो फक्त आपण. थांब रे, अजून दोन वाक्यं थांब, असं दर वेळी माझ्या तोंडून निघतं. ओढ आहे ती या हुकलेल्या क्षणाची. क्रौर्याची नव्हे.

गैरसमज पसरायला १९३९चा हॉलिवूडपटही कारणीभूत आहे. त्याने पुढच्या पिढीची कथा गाळली, आणि हीथक्लिफने मुलांवर उगवलेला सूड पडद्यावर आलाच नाही.